मोची, विणकराचा मुलगा आणि मुद्रक : श्रीरामपूरच्या पायी सहलीचा अनुभव

कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या पश्चिम काठावर श्रीरामपूर आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले श्रीरामपूर ते वेगळे. तिथे एक छोटी स्थानिक मंडळी सकाळी साडेसात ते साडेबारा अशी मार्गदर्शकासह पायी सहल घेते. विषय एकच : दोनशे वर्षांपूर्वी या गावात राहिलेली बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाची माणसे आणि त्यांनी इथे केलेली कामे. माणशी १,२०० रुपये शुल्क आहे आणि त्यात नावेचा प्रवास, चहा, नाश्ता आणि सोळा पानांची पुस्तिका येते. गेल्या फेब्रुवारीत मी ही सहल केली. जिला मराठी भाषेबद्दल आस्था आहे अशा प्रत्येक व्यक्तीने ती करावी, असे माझे मत झाले आहे. मात्र ज्या कारणासाठी मी ती सुचवते आहे, नेमके तेच कारण सहलीत सांगितले जात नाही, आणि हीच माझी मुख्य तक्रार आहे.

सुरुवात बराकपूरच्या बाजूने होते. सियालदहहून लोकलने बराकपूरला उतरायचे, धोबीघाटावर जमायचे आणि नावेने पलीकडे जायचे. ही आखणी फार विचारपूर्वक केलेली आहे, कारण नदीच्या मध्यावर आल्यावर दोन्ही काठ एकाच वेळी दिसतात आणि इतिहास आपोआप समजतो. अलीकडे बराकपूर, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची हद्द आणि गव्हर्नर जनरलचा बंगला. पलीकडे श्रीरामपूर, जे १७५५ पासून १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि ज्याचे कागदोपत्री नाव फ्रेडरिक्सनगर होते. कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, डॅनिश अधिकाऱ्यांनी मात्र त्यांना आसरा दिला. १७९९ च्या ऑक्टोबरात जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड इथे उतरले, आणि १८०० च्या जानेवारीत माल्द्याकडच्या निळीच्या कारखान्यात व्यवस्थापक म्हणून काही वर्षे काढलेले विल्यम कॅरे त्यांना येऊन मिळाले.

आमचे मार्गदर्शक पन्नाशीचे, शांत बोलणारे गृहस्थ होते. सगळे त्यांना दादा म्हणत होते. त्यांनी नावेतच, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून, ‘बाप्टिस्ट म्हणजे कोण’ हे इतक्या सोप्या हिंदीत सांगितले की मला त्यांचे कौतुक वाटले. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, माणसाने जाणतेपणी स्वतःच्या तोंडाने श्रद्धा सांगावी आणि मगच पाण्यात बुडून तो घ्यावा, हा या पंथाचा आग्रह. इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरची ही माणसे असल्याने ऑक्सफर्डला त्यांना प्रवेश नसे, केंब्रिजला पदवी मिळत नसे, आणि सरकारी पदांवरही कायद्याची आडकाठी होती. त्यामुळे त्यांची हुशार मुले कारागिरीत, दुकानदारीत, शाळामास्तरकीत आणि छापखान्यांत शिरली. हे एकदा कळले की पुढचे सगळे गाव वेगळ्या नजरेने दिसू लागते. कॅरे हे विणकराचे पुत्र आणि स्वतः मोची होते. मार्शमनही विणकराच्याच घरचे, पुस्तकविक्रेत्याकडे नोकरी करून मग शिक्षक झालेले. वॉर्ड हे डर्बीचे, छापखान्यात उमेदवारी करून पुढे वृत्तपत्राचे संपादक झालेले. विद्यापीठाची पायरी यांपैकी कोणीही चढले नव्हते, आणि पुढे याच माणसांनी १८१८ मध्ये श्रीरामपूर कॉलेज काढले, ज्याला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली.

दादांनी इथे एक गोष्ट जोडली, ती मला पूर्वी ठाऊक नव्हती. माणसे जमवून, दर ठरवून, त्यांना सहलीला नेण्याचा व्यवसाय ज्यांनी जगभर रुजवला ते थॉमस कुक हेही बाप्टिस्टच, आणि व्यवसायाने सुतार. ५ जुलै १८४१ रोजी त्यांनी लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी एक आगगाडी भरून माणसे नेली, आणि त्याच लेस्टरमध्ये हिंदुस्थानात येण्यापूर्वी कॅरे धर्मोपदेशक होते. मार्टिन ल्यूथर किंग आणि जिमी कार्टर या बाप्टिस्टांचीही नावे त्यांनी घेतली, पण तिथे ते रेंगाळले नाहीत आणि ते योग्यच झाले.

पलीकडच्या घाटावर उतरल्यावर सेंट ओलाव्ह चर्च आणि डेन्मार्क टॅव्हर्न ही दोन डागडुजी केलेली ठिकाणे येतात. नाश्ता चांगला होता, पण त्यात पाऊण तास गेला आणि त्याची झळ शेवटी बसली. ओलाव्ह चर्चचा इतिहासही गरजेपेक्षा लांबला, कारण ते डॅनिश लुथरन पंथीयांसाठी बांधलेले चर्च असल्याने सहलीच्या विषयाशी त्याचा संबंध बेताचाच आहे.

सहलीचा खरा प्राण आहे तो मंडळींच्या स्वतःच्या कार्यालयातला एक तास. घाटाजवळच्या गल्लीत त्यांची एक खोली आहे. बंद पडलेल्या छापखान्यांतून विकत घेतलेल्या बंगाली खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, चार केसी (खणांच्या पेट्या) आणि हाताने दाबायचे एक लहान यंत्र तिथे ठेवले आहे. प्रत्येकाने आपले नाव स्वतः जुळवायचे, शाई लावायची आणि छापायचे. माझे वडील सांगलीत एका ट्रेडल छापखान्यात सव्वीस वर्षे जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे कामगार, होते. त्यामुळे स्टिक, म्हणजे खिळे जुळवायची पट्टी, हातात आल्याबरोबर माझा अंगठा आपोआप ओळीच्या टोकाशी जाऊन बसला, आणि शिशाचा तो गार, थोडा तेलकट स्पर्श मी जवळजवळ तीस वर्षांनी अनुभवला. खिळा उलटा वाचायचा असतो, खाच एका बाजूला धरायची असते, आणि ओळ सैल राहिली तर यंत्राखाली अक्षरे नाचतात, हे दादांनी इतक्या बारकाईने सांगितले की शेजारच्या कॉलेजकुमारांचे फोन खिशात गेले. मग त्यांनी विचारले की इंग्रजीचे काम शंभर-सव्वाशे प्रकारच्या खिळ्यांत भागते, पण काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे धरून देवनागरीला किती लागतील? श्रीरामपुरात देवनागरीसाठी सुमारे सातशे ठसे कोरावे लागले होते. ते कोरण्याचे काम पंचानन कर्मकार या बंगाली लोहार कारागिराने सुरू केले आणि त्यांचे जावई मनोहर यांनी पुढे नेले.

११ मार्च १८१२ च्या आगीची हकीगतही इथेच सांगतात, आणि ती इथेच शोभते. एका रात्रीत कागद, खिळे, अनेक भाषांची हस्तलिखिते आणि कॅरे यांनी वर्षानुवर्षे जमवलेला बहुभाषी कोश जळून गेला. यंत्रे तेवढी बचावली. वितळलेले शिसे राखेतून उकरून काढण्यात आले आणि त्याचेच पुन्हा खिळे पाडण्यात आले. हे सांगताना दादांनी शिशाचा एक ओबडधोबड गोळा आमच्या हातात फिरवला. तो त्या आगीतला नव्हता आणि तसे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, पण तळहातावर त्याचे वजन पेलताना, वितळलेल्या अक्षरांतून पुन्हा अक्षरे ओतायला बसलेल्या माणसांची जिद्द मला कळली.

आता उणिवांकडे येते. पुस्तिकेत लिहिले आहे की बंगाली मुद्रण श्रीरामपुरात सुरू झाले. हे चूक आहे. हुगळी गावात १७७८ मध्येच हॅल्हेड यांचे बंगाली व्याकरण बंगाली खिळ्यांसह छापले गेले होते आणि त्या खिळ्यांच्या कामातही हेच पंचानन होते. ज्या कारागिराच्या हातावर सगळा डोलारा उभा राहिला, त्याला पुस्तिकेत दोन ओळी आणि कॅरे यांना सहा पाने, हे प्रमाण मला पटले नाही. पंचानन अर्थातच बाप्टिस्ट नव्हते, पण त्यांना वगळून या बाप्टिस्टांची गोष्ट पूर्ण होत नाही. हॅना मार्शमन यांच्याबाबतही असेच. १८०० मध्ये इथे त्यांनी पतीबरोबर निवासी शाळा काढल्या, त्या शाळांच्या उत्पन्नावर मिशनचा बराच खर्च चालला, आणि मुलींच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला. सहलीत मात्र त्यांचे नाव केवळ जोशुआंच्या पत्नी म्हणून आले. कॅरे यांच्या पत्नी डोरोथी मनोरुग्ण झाल्या होत्या आणि १८०७ मध्ये वारल्या. त्यांच्याबद्दल तर शब्दही निघाला नाही. ही माणसे धर्मांतराच्या हेतूने आली होती हे दादा लपवत नाहीत; कृष्ण पाल या सुताराचा २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीत झालेला बाप्तिस्मा ते घाटावरच उभे राहून सांगतात. पण वॉर्ड यांनी हिंदू समाजाविषयी किती कठोर आणि एकांगी लिहिले, हेही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवे होते. सांगितले असते तर ऐकणाऱ्यांचा विश्वास वाढलाच असता.

आणि मराठी. कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरे बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत. दर आठवड्याला ते याच नदीतून होडीने कलकत्त्याला जात. १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण निघाले आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश, ज्यातले मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले आहेत. मोल्सवर्थ यांचा कोश मुंबईत १८३१ मध्ये आला, म्हणजे त्याच्या एकवीस वर्षे आधी बंगालच्या काठावर आपली मोडी धातूच्या खिळ्यांत उतरली होती. या कामात कॅरे यांचा आधार होते ते कॉलेजातले मराठी पंडित वैजनाथ. मोडी ही लपेटीने, लेखणी न उचलता लिहायची लिपी. तिची सुटी अक्षरे कोरून ती ओळीत शेजारी शेजारी बसवणे म्हणजे काय असेल, याची कल्पना ज्याने कधी खिळे जुळवले आहेत त्यालाच यावी. पाच तासांच्या सहलीत याचा उल्लेखही झाला नाही. खोलीतल्या भिंतीवर छापलेल्या भाषांची यादी आहे आणि तीत मराठी सतराव्या ओळीत आहे, एवढेच.

मी हे दादांना तिथेच सांगितले. त्यांनी वही काढली, वैजनाथ हे नाव दोनदा विचारून लिहून घेतले आणि बाकीच्यांसमोर मलाच दहा मिनिटे बोलायला लावले. सूचना इतक्या सरळ मनाने घेणारा मार्गदर्शक मी क्वचित पाहिला आहे.

शेवटचा टप्पा मिशनच्या दफनभूमीचा. नाश्त्यात गेलेल्या वेळामुळे तिथे जेमतेम वीस मिनिटे मिळाली. कॅरे, मार्शमन आणि वॉर्ड तिघेही इथेच आहेत. वॉर्ड १८२३ मध्ये पटकीने गेले, कॅरे ९ जून १८३४ रोजी, मार्शमन १८३७ मध्ये. कॅरे यांना झाडांचे विलक्षण वेड होते. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांचे वनस्पतींवरचे लेखन त्यांनी संपादित करून छापले, १८२० मध्ये शेती आणि बागायतीसाठी संस्था काढली, आणि अंथरुणाला खिळल्यावर, आपण गेलो की मार्शमन बागेत गायी सोडतील, ही चिंता त्यांनी बोलून दाखवली. मार्शमन यांनी बाग जपण्याचे वचन दिले. रॉक्सबर्ग यांनी एका वृक्षप्रजातीला कॅरे यांचे नाव दिले, ‘कॅरेया’, असे सांगून दादांनी एक चित्र पुढे केले, आणि मी थबकले. तो आपला कुंभा होता. त्याआधीच्या मार्चमध्ये भीमाशंकरच्या वाटेवर काढलेले त्याचे छायाचित्र माझ्या फोनमध्ये होते : पानगळीनंतरच्या उघड्या फांदीवर गुलाबी-पांढऱ्या केसरांचा भलामोठा झुबका, आणि खाली पायवाटेवर सकाळी गळून पडलेल्या फुलांचा खच. सगळ्यांनी तो फोन हातोहात पाहिला. पूर्वी याच्या सालीच्या धाग्यांची तोड्याच्या बंदुकांसाठी वात करत, हेही मी सांगितले.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. एरवी अकरानंतर घाटावर उन्हाचा त्रास होतो. चालणे तीन किलोमीटरपेक्षा अधिक नाही, पण खिळ्यांच्या खोलीचा जिना अरुंद आणि उभा आहे, तेव्हा गुडघेदुखी असलेल्यांनी आधी कळवावे म्हणजे यंत्र खाली आणतात. दहाजणांचा गट सांगितला होता, प्रत्यक्षात आम्ही चौदा होतो आणि छपाईला रांग लागली. कॉलेजचे ग्रंथालय नीट पाहायचे असेल तर त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा आणि कॉलेजकडे आधी विचारणा करावी. सहलीत ते बाहेरूनच दाखवतात. नाश्ता आटोपता घ्यावा अशी विनंती सगळ्या गटाने मिळून केली तर दफनभूमीला पुरेसा वेळ मिळेल.

परत आल्यावर मी त्यांना मराठीसंबंधी एक पानभर मजकूर पाठवला. आठवड्याने दादांचा फोन आला. नव्या पुस्तिकेत तो घालणार होते, पंचानन यांचे पानही वाढवले होते, आणि ‘ळ’ कसा उच्चारायचा हे त्यांना विचारायचे होते, कारण बंगालीत तो नाही. आम्ही दोघांनी फोनवर ‘बाळ’, ‘केळ’ आणि ‘खिळा’ असे शब्द बराच वेळ म्हटले; चौथ्या की पाचव्या खेपेला त्यांचा ‘खिळा’ अगदी बरोबर आला.