फ्लशच्या टाकीची गळती घरीच काढली, त्याला आठ महिने झाले

काम झालं त्याच दिवशी लिहायला बसणार होते, पण मुद्दाम थांबले. फ्लशची टाकी दुरुस्त केल्यावर पहिला आठवडा सगळं छानच वाटतं. वॉशर काही महिने पाण्यात बुडून राहिला की मग काम खरं कसं झालंय ते कळतं. आठ महिन्यांत मी टाकी चार वेळा उघडून पाहिली आहे, त्यामुळे आता खात्रीने सांगू शकते.

आमची गळती बाहेरून अजिबात दिसत नव्हती. फरशी कोरडी, पाइप कोरडा. फक्त रात्री घर शांत झालं की कुणी आत गेलेलं नसताना टाकी भरल्याचा आवाज यायचा. पाच-सात सेकंद सुर्रकन पाणी यायचं आणि थांबायचं, अर्ध्या तासाने पुन्हा तेच. कमोडच्या आतल्या मागच्या बाजूला कोरडा टिश्यू चिकटवून पाहिला, तर तो वरून खाली भिजत गेला. पाण्याचा इतका पातळ पदर होता की नुसत्या डोळ्यांना कळतच नव्हता.

प्लंबरला बोलावलं. त्याने झाकण उचललं, आत डोकावला आणि म्हणाला, “टाकीच बदला.” का, ते विचारलं तर नीट उत्तर मिळालं नाही. मला ते पटलं नाही. चिनी मातीला कुठेही तडा नव्हता, मग पाणी जात होतं ते आतल्या एखाद्या भागातूनच. तो भाग कोणता, हे कळल्याशिवाय काहीही विकत आणायचं नाही असं मी ठरवलं, आणि या सगळ्या कामातला सगळ्यात उपयोगी निर्णय तोच ठरला.

शोधायची रीत सोपी आहे. टाकी पूर्ण भरू द्या, अँगल कॉक (टाकीला पाणी देणाऱ्या नळीवरचा नळ) बंद करा, आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण करा आणि तासभर टाकीला हात लावू नका. पाणी ओव्हरफ्लो पाइपच्या, म्हणजे जादा पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या आतल्या उभ्या नळीच्या, तोंडापर्यंत उतरून तिथेच थांबलं, तर दोष भरणाऱ्या व्हॉल्व्हचा, म्हणजे फ्लोटच्या (पाण्यावर तरंगून भरणं बंद करणाऱ्या भागाच्या) बाजूचा. त्याच्याही खाली उतरत राहिलं आणि बाहेर सगळं कोरडं असेल, तर खालचा फ्लश व्हॉल्व्ह धरत नाही. अजिबात उतरलं नाही, तर कॉक पुन्हा उघडून पाणी ओव्हरफ्लोमधून सांडतंय का ते बघायचं. पाण्यात थोडा खाण्याचा रंग टाकला तर अर्ध्या तासात तो कमोडमध्ये उतरलेला दिसतो, तीही खूण चांगली. पण रंग फक्त गळती आहे एवढंच सांगतो, पेन्सिलची रेघ ती किती आहे तेही सांगते.

आमच्याकडे तासात तीन सेंटिमीटर पाणी उतरलं. टाकी आतून साधारण 35 सेंटिमीटर लांब आणि 14 रुंद. म्हणजे तासाला जवळजवळ दीड लिटर, दिवसाला 35 लिटर. आकडा काढला आणि मी अक्षरशः हादरले. दोन बटणांचा फ्लश 1980 साली ऑस्ट्रेलियातल्या करोमा कंपनीने पाणी वाचवण्यासाठी बाजारात आणला. तेव्हा मोठा फ्लश 11 लिटरचा होता आणि छोटा साडेपाचचा, आज तेच प्रमाण 6 आणि 3 वर आलं आहे. म्हणजे छोटं बटण दाबून एका वेळी तीन लिटर वाचतात. दिवसातून बारा वेळा आठवणीने छोटं बटण दाबावं, तेव्हा कुठे आमच्या टाकीतून गुपचूप जाणाऱ्या पाण्याची भरपाई झाली असती.

तर दोष फ्लश व्हॉल्व्हच्या खालच्या वॉशरचा निघाला. कॉक बंद केला, फ्लश करून टाकी रिकामी केली, झाकण काढलं. मधला उभा व्हॉल्व्ह हाताने डावीकडे पाव फेरा फिरवला की खाचेतून सुटून अख्खा वर येतो. टाकी कमोडवरून उतरवावी लागत नाही, हे आधी माहीत असतं तर मी महिनाभर आधीच हात घातला असता. (काही जुन्या टाक्यांमध्ये हा व्हॉल्व्ह असा निघत नाही. जोर लावण्याआधी खाच आहे का ते बघा.)

तळाला काळ्या रबराचा चपटा वॉशर होता. बोटांनी चोळला तर बोटं काजळीत बुडवल्यासारखी काळी झाली. ज्या कडेवर तो टेकतो, तिथे त्याच्यावर गोल चर पडला होता आणि एका जागी चर तुटला होता, पाणी तिथूनच जात होतं. रबर इतकं लवकर कुजायचं कारण आम्हीच दिलेलं होतं. टाकीत टाकायची क्लोरीनची वडी आमच्याकडे वर्षानुवर्षं असायची. वडी विरघळली की ते पाणी टाकीत तासन्‌तास उभं राहतं आणि रबर खातं. त्या दिवसापासून वडी बंद केली.

नवा वॉशर सिलिकॉनचा आणला. जुना वॉशर नेऊन जोडीचा मागितला हे बरोबर, पण पाण्यात राहून रबर फुगतं, त्यामुळे फक्त त्याच्या मापावर विसंबू नका. व्हॉल्व्हवरच्या ज्या खाचेत वॉशर बसतो तिचं माप घ्या. माझा पहिला वॉशर याच कारणाने सैल निघाला आणि परत करावा लागला. हाताशी वॉशर नसेल तर जुनाच उलटा करून लावा, गुळगुळीत बाजू खाली आली की काही दिवस निभतं.

वॉशर बसवण्याआधी तो टेकतो ती कड साफ करायलाच हवी. आमच्या कडेवर क्षारांचे खडबडीत ठिपके होते, नखाला लागत होते. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवलं, मग मऊ ब्रशने घासलं. पॉलिशपेपर वापरू नका. प्लास्टिकवर एक बारीक ओरखडा उठला की नवा वॉशरही गळणार.

इतकं करूनही पहिल्या संध्याकाळी टिश्यू ओला झाला! वॉशर पुन्हा पाहिला, नीट बसला होता. शेवटी लक्षात आलं की बटणाच्या दांड्या जरा लांब होत्या. झाकण लावलं की त्या व्हॉल्व्हवर किंचित टेकून राहायच्या आणि व्हॉल्व्ह केसाएवढा वर उचललेला राहायचा. दांड्या फिरवून आखूड केल्या, दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवली. टिश्यू कोरडा. माझ्या मते वॉशर नवा असूनही गळती न थांबणाऱ्या कितीतरी घरांत हेच होत असणार, आणि लोक वॉशरला नावं ठेवत असणार.

महिन्याभराने भरणारा व्हॉल्व्हही बदलला. रात्री पाण्याचा दाब वाढला की जुना बंदच होईना, आणि सकाळी पाणी ओव्हरफ्लोच्या काठाशी टेकलेलं दिसायचं. हे काम सोपं आहे, पण नट आवळताना हात आवरा. रबरी वॉशर टाकीच्या आतून लावायचा, बाहेरचा प्लास्टिकचा नट हाताने घट्ट करायचा आणि वर फार तर पाव फेरा. पान्याने जोर केलात तर चिनी माती तडकते आणि मग टाकी खरंच बदलावी लागते. तिथल्या आट्यांवर टेफ्लॉन टेपही नको, पाणी अडवायचं काम वॉशर करतो. नंतर फ्लोटचा स्क्रू फिरवून पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली अडीच सेंटिमीटरवर ठेवली.

आता आठ महिन्यांचा हिशेब. सिलिकॉनचा वॉशर आजही मऊ आहे, हाताला काळं लागत नाही, चर अगदी पुसट. तिसऱ्या महिन्यात एकदा आवाज पुन्हा सुरू झाला होता. वॉशरखाली क्षाराची एक कपची अडकली होती, ती धुतल्यावर थांबला. भरणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल मात्र मी तेवढी खूश नाही. सहाव्या महिन्यात टाकी भरायला दुप्पट वेळ लागायला लागला, कारण त्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी गाळाने भरली होती. जाळी काढून धुवायला पाच मिनिटं लागतात, पण क्षारांचं पाणी असेल तर हे दर काही महिन्यांनी करावं लागणार असं दिसतंय.

टाकी आणि कमोड यांच्या मधून किंवा बोल्टच्या वॉशरमधून पाणी येत असेल तर टाकी उतरवावी लागते. ती जड असते, एकट्याने उचलू नका. चिनी मातीलाच तडा असेल तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका.

गेल्या रविवारी पुन्हा कॉक बंद करून रेघ मारली. रात्रभर तशीच ठेवली. सकाळी झाकण उचललं तर पाणी रेघेला टेकलेलं होतं.