'शिन' असलेली पितळी मेझुझाची डबी: दिसायला छान, आतला कागद मात्र फेकाऊ

मेझुझा म्हणजे ज्यू घराच्या दारचौकटीवर लावतात ती धर्मवचनांची गुंडाळी; ही तिची डबी १२ सेंमीची, जड पितळेची. दर्शनी भागावर तीन फाट्यांचा 'शिन' हे हिब्रू अक्षर, म्हणजे 'शद्दाय' या देवनामाचं पहिलं अक्षर. या नामाची तीन अक्षरं 'इस्रायलच्या दारांचा राखणदार' या अर्थाच्या हिब्रू शब्दांची आद्याक्षरंही मानतात. ओतकाम ठीक आहे, पण मधला फाटा तळाशी गुठळीसारखा बुजलाय. डबीवर शिन असणं ही केवळ रूढी, त्यामुळे एवढं चालून जातं.

खरी गोची आत आहे. सोबत दिलेली गुंडाळी छापील कागदाची, म्हणजे धर्मनियमानुसार बाद. हवं ते शुद्ध प्राण्याच्या चर्मपत्रावर सोफेरनं (धर्मलेखन करणाऱ्या लेखनिकानं) हातानं लिहिलेलं: २२ ओळी, ७१३ अक्षरं. तिथे शिनच्या डाव्या डोक्यावर तीन बारीक मुकुटरेघा लागतात आणि एक अक्षर दुसऱ्याला चिकटलं तरी पत्र बाद. ते वेगळं घ्या, १० सेंमी उंचीचं यात आरामात बसतं. गुंडाळताना डावीकडून उजवीकडे, मजकूर आत, पाठीवरचं 'शद्दाय' बाहेर. घडी नको, शाई तडकते.

आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर, वरच्या एक-तृतीयांश भागाच्या तळाशी, वर-खाली दोन्ही स्क्रूंनी लावा. नुसत्या वरच्या स्क्रूवर लोंबकळती ठेवू नका. मागची फट उघडी आहे. कोकणातल्या बेने इस्रायली (तिथल्या ज्यू समाजाच्या) घरांत, पावसाळी दमटपणात, चर्मपत्र आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळाच. सात वर्षांतून दोनदा तपासणी आहेच.

डबीला चार तारे, कागदाला शून्य.