काळी पॉवर घ्यावी की सोबती राखावेत?

मे महिन्यात सोलापुरात दुपारी घराबाहेर पाय ठेववत नाही. विजापूर रोडवरच्या आमच्या खोलीत कूलरसमोर पुतण्या 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम लावून बसला होता. टॅडपोल, म्हणजे काळी पॉवर देणारा किडा, खायचा की नाही, या पर्यायावर येऊन तो अडला. कार्लॅक ही गेममधली त्याची सोबती. "काका, खाल्ला तर कार्लॅक सोडून जाईल का?"

नाही जात. पॉवर घेणं वेगळं आणि त्या वाटेवर कुणाचा जीव घेणं वेगळं. सोबती बहुतेक वेळा दुसऱ्या कारणाने जातात. गेम निवडताना, निदान पहिल्या खेपेला, हे आधी बघा. (पुढे कथा फुटणार आहे.)

२०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' मध्ये टॅडपोलची पॉवर तशी स्वस्तात मिळते. 'कल द वीक' ही पॉवर घेतली, की तुम्ही जितक्या इलिथिड (टॅडपोल ज्या राक्षसांचा, त्यांच्या) पॉवर उघडल्या असतील त्या प्रमाणात अगदी थोडा जीव उरलेला शत्रू जागेवर संपतो. लढाईत हे फार कामाला येतं. पुढे अर्धं इलिथिड व्हायचं ठरवलं तर चेहऱ्यावर काळ्या शिरा उमटतात, ते मात्र कायमचं. खरी किंमत एमरल्ड ग्रोव्ह या निर्वासितांच्या आसऱ्यापाशी मोजावी लागते. मिन्थारा या शत्रूच्या सरदारणीच्या बाजूने तिथल्या निर्वासितांना कापलंत, की विल आणि कार्लॅक हे दोघंही सोबती गेलेच. मिन्थारा सोबती म्हणून हवी असेल तर तिला ठार न मारता बेशुद्ध पाडा. ग्रोव्ह वाचतो आणि ती पुढे मूनराइज टॉवर्सला भेटते.

'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' (२००९) मध्ये ब्लड मॅजिकला, म्हणजे रक्ताच्या जादूला, 'माना' या जादूच्या शक्तीऐवजी स्वतःचा जीव खर्च होतो, पण त्यावरून सोबती तुम्हाला टाकत नाहीत. रीव्हर, म्हणजे काळ्या शक्तीचा योद्धा, व्हायचं तर पवित्र रक्षेत ड्रॅगनचं रक्त मिसळावं लागतं. त्या वेळी विन सोबत असली तर ती तिथेच उलटते, म्हणजे पार्टीतली सगळ्यात भरवशाची हीलर हातची जाते. उलट माया लावलीत तर सोबत्यांचे गुण वाढतात, अ‍ॅलिस्टरचं कॉन्स्टिट्यूशन (दमदारपणा) वाढतं तसे. रीव्हरचा हा सौदा मी कधीच करणार नाही.

सगळ्यात महाग 'स्टार वॉर्स'च्या जगातला 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' (२००३). डार्क साइडला, म्हणजे वाईट बाजूला, झुकलात की फोर्स लाइटनिंगसारख्या पॉवर कमी फोर्समध्ये (तिथली जादूची शक्ती) चालतात, आणि खेळताना हात खरंच शिवशिवतात. पण शेवटाकडे एका मंदिराच्या माथ्यावर जोली आणि जुहानी हे सोबती तुमच्याच हातून मरतात, मग समुद्रकिनाऱ्यावर कार्थ पळतो. उरते मिशन, चौदा वर्षांची पोर. तिचा जिवलग झालबार जीवऋणाने तुमच्याशी बांधलेला. त्याच शब्दाचा दाखला देऊन तिला त्याच्याच हातून मारायला लावता येतं. नऊ सोबत्यांपैकी चार असे जातात. तो पर्याय मी एकदाच दाबला. त्यानंतर जहाजावर तिच्या जागेपाशी गेलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. ती सेव्ह मी पुढे खेळलोच नाही.

म्हणून माझं मत सांगतो. 'बाल्डर्स गेट'मध्ये टॅडपोल बिनधास्त खा, ग्रोव्हला हात लावू नका. 'ओरिजिन्स'मध्ये ब्लड मेज व्हा, रीव्हर सोडा. 'नाइट्स'मध्ये पहिल्या खेपेला सरळ लाइट साइड. डार्क साइड बघायचीच असेल तर त्या मंदिरात शिरण्याआधी वेगळी सेव्ह ठेवा.

पुतण्याने टॅडपोल खाल्ला. मग शेंगाचटणी-भाकरी मांडीवर घेऊन तो कॅम्पवर गेला आणि आधी कार्लॅकशीच बोलला.