ठाण्याच्या पावसाळ्यात तयार पोअरिंग मीडियम : घ्यावं, पण सूचना बाजूला ठेवून

नौपाड्यातल्या आर्ट मटेरियलच्या दुकानात तयार पोअरिंग मीडियमची (अ‍ॅक्रिलिक रंगात मिसळून तो ओतण्याजोगा करणाऱ्या द्रवाची) 500 मिलीची देशी बाटली मिळते. ओतून अमूर्त चित्रं करणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी. मीडियम वाळल्यावर स्वच्छ पारदर्शक होतं, पांढऱ्यावर पिवळट झाक येत नाही. चकाकी मात्र मध्यमच.

लेबलवर ‘हवं तेवढं पाणी घाला’ असं छापलंय, ते साफ चूक. जास्त पाण्याने रंग धरून ठेवणारा बाइंडर विरळ होतो आणि वाळलेला थर कमजोर राहतो. एक भाग ट्यूबमधला अ‍ॅक्रिलिक, दोन भाग मीडियम हे प्रमाण बरोबर बसतं. आधी चमचाभर मीडियममध्ये रंगाच्या गुठळ्या मोडायच्या, मग उरलेलं घालायचं. पाणी सगळ्यात शेवटी, 100 मिलीला फार तर 5 ते 10 मिली. काडी उचलल्यावर धार अखंड पडावी आणि तिचा उंचवटा एक-दोन सेकंदांत जिरावा. फेटायचं नाही, हलक्या हाताने ढवळायचं. मग अर्धा तास झाकून ठेवलं की बुडबुडे निघून जातात. 12 इंची चौरस कॅनव्हासला साधारण 180 मिली मिश्रण लागतं, म्हणजे एका बाटलीत चार चित्रं.

सेल्ससाठी, म्हणजे ओतलेल्या रंगात उमटणाऱ्या पेशींसारख्या गोल आकारांसाठी, लगेच सिलिकॉन तेलाकडे वळू नका. टायटॅनियम व्हाइट जड, कार्बन ब्लॅक हलका. काळ्यावर पांढरा ओतला की पांढरा खाली बसू लागतो, काळा त्याला फोडून वर येतो आणि जाळी उमटते. मेक्सिकन चित्रकार सिकेरोस 1936 मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या कार्यशाळेत रंग असेच एकमेकांवर ओतत होते. जॅक्सन पोलॉकही तिथे होते. या मीडियममध्ये तेलाशिवाय मसुराएवढे सेल्स येतात, आणि ते फार देखणे दिसतात! तेलाने ते मोठे होतात खरे, पण वाळल्यावर पृष्ठभाग भांड्यांच्या साबणाने हलकेच पुसला नाही, तर वार्निश तिथे धरत नाही, गोल चट्टे पडतात.

भेगा पडतात त्या बहुतेक पंख्यामुळे. वरची साय आधी सुकते, खालचा ओला थर नंतर आकसतो आणि साय फाटते. म्हणून पंखा बंद, हेअरड्रायर नको. धूळ बसू नये म्हणून वर उलटा खोका ठेवा. जुलैच्या दमट हवेत तीन दिवस जातात, पण सावकाश वाळण्याचा इथे फायदाच होतो. वार्निश तीन-चार आठवड्यांनी. ओल्या रंगाच्या वजनाने कॅनव्हासला मध्ये झोळ येतो आणि रंग तिथेच साचतो. कॅनव्हास ताणणाऱ्या मागच्या खुंट्या आधीच ठोकून घ्या आणि गवंड्याची पाणसळ लावून टेबल तपासा. मोठ्या चित्राला प्रायमर दिलेला प्लाय बरा.

बाटलीचं झाकण वाईट आहे. आट्यांत मीडियम सुकतं, त्याचे पापुद्रे मिश्रणात पडतात आणि चित्रावर खड्यांसारखे उठून दिसतात. दर वेळी आटे पुसा, आणि मीडियम जुन्या नायलॉन मोज्यातून गाळूनच वापरा.