घरचा दिवा: पाइपचा की भोपळ्याचा?

सांगलीकडे घरी भोकांच्या नक्षीचा दिवा करायला फुकटात दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे बोअरच्या, नाहीतर द्राक्षबागेच्या कामातून उरलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे. दुसरी म्हणजे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतारीसाठी आणलेला, पण चीर गेली म्हणून बाजूला पडलेला भोपळा. हा भाजीचा नव्हे, कडू. पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून लोक गल्लीत चौकशीला जास्त येतात. तरी गोडीत विचारलं तर चीर गेलेला भोपळा बहुधा मिळतो. माझ्या घरी दोन्हींचे दिवे आहेत.

करायला पाइप सोपा, यात वाद नाही. जाडी सगळीकडे सारखी, त्यामुळे कागदावरची नक्षी चिकटवून ड्रिल मारत जायचं. फक्त भोकं तापल्या सळईनं पाडू नका. पीव्हीसी जळताना निघणारा धूर घशाला लागतो आणि तो विषारीही असतो. भोपळ्याची साल कुठे जाड, कुठे पातळ. ड्रिल घसरतं, आतला गर खरवडताना धूळ नाकात जाते, मास्क लागतोच. दोन्हींत एलईडीच लावा, तीन-पाच वॅटचा पुरतो, आणि हवा जायला वर फट ठेवा. दुधी बल्बनं भिंतीवर ठिपके पुसट पडतात, पारदर्शक काचेच्या बल्बनं रेखीव. एवढ्या बाबतीत दोघं सारखेच म्हणायचे.

माझा निर्णय मात्र पाखरांनी केला.

पहिला पाऊस झाला की संध्याकाळी पंखवाल्या वाळव्या दिव्यावर तुटून पडतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पाइपच्या उभ्या दिव्यात त्या भोकांतून शिरतात आणि खाली टोपीत साचतात. आत दिवा असल्यामुळे तो ढीग बाहेरून सावलीसारखा दिसतो. टोपी पाइप चिकटवायचं सोल्युशन न लावता नुसती दाबून बसवली तरी काढताना दिवा आडवा करावा लागतो, मग सगळे पंख फरशीवर. काही भोकांतच अडकतात. ते दात कोरायच्या काडीनं एकेक काढा. वर पीव्हीसीला धूळही चिकटते. पावसाळाभर हे दर चार-आठ दिवसांनी. घरात दोनदा शब्दाला शब्द वाढला, तो या दिव्यावरून.

भोपळा मी तोंड खाली करून टांगलाय. पाखरं येतात तशीच येतात, पण बरीचशी खाली पडतात, आणि सकाळी केर काढताना निघून जातात. आत एखादं राहिलंच तर हात घालून पुसता येतं.

भोपळ्याचंही सगळं गोड नाही. दमट हवेत बुरशी धरते, म्हणून आतून-बाहेरून वार्निश हवं, आणि पडला तर संपला. लहान मुलं चेंडू खेळत असतील त्या खोलीत मी टांगणार नाही. तुमचं घर वरच्या मजल्यावर असेल, खिडक्यांना जाळ्या असतील, तर पाखरांचा मुद्दा कदाचित तुम्हाला लागूही होणार नाही. मग पाइप खुशाल करा. न्हाणीघरात तर पाइपच बरा, वाफेत भोपळा टिकायचा नाही. सोप्यात किंवा जेवायच्या जागी टांगायचा असेल, तर आधी मिरजेला एक चक्कर मारून या.