फ्रीकॅड १.०: भिंत, छप्पर आणि तुटक्या ब्लॉकांचा हिशोब

घरा-गोदामांची थ्रीडी मॉडेलं आणि ड्रॉइंग मी हल्ली फ्रीकॅड या फुकट सॉफ्टवेअरवर करतो. पैसे वाचले, हे आधीच सांगून टाकतो. पुढची कटकट वाचताना तुम्हाला वाटेल की एवढा त्रास होतो तर हा माणूस हे वापरतोच कशाला. फुकट आहे म्हणून वापरतो. आणि आता फुकट नसतं तरी कदाचित वापरलं असतं, पण ते कंपनीवाल्यांना कळू देऊ नका.

दिवाळीच्या सुमारास जुन्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं सबस्क्रिप्शन संपलं. नाव घेत नाही. नवा आकडा वाढवून आला, म्हणून डीलरला फोन केला, तर तिकडून गोड आवाजात "सर, तुमचं तिकीट टाकलंय", म्हणजे तक्रार नोंदवलीय. तिकीट टाकून किती दिवस झाले ते विचारलं की नवीन तिकीट. तोवर माझ्याच फाइली मला नुसत्या बघायला मिळत होत्या, हात लावता येत नव्हता. मोजमापं मी घेतली, उन्हात टेप मी धरला, आणि भिंत दोन इंच सरकवायला परवानगी त्यांची! लातुरात बसून असलं भाडं भरणं मला परवडतही नाही आणि पटतही नाही.

तर फ्रीकॅड. २००२ पासून लोक यावर काम करतायत आणि १.० आवृत्ती आली २०२४ च्या नोव्हेंबरात, म्हणजे त्यांना घाई नव्हती हे स्पष्ट आहे. मला महत्त्वाच्या वाटल्या त्या दोन गोष्टी. एक, बांधकामाचं बिम वर्कबेंच, म्हणजे भिंत-छप्पर काढायच्या टूलांचा संच, आता वेगळं बसवावं लागत नाही, आतच येतं. दुसरी, जुन्या आवृत्त्यांमध्ये मूळ स्केच जरा बदललं की त्यावर टेकलेल्या गोष्टी भलत्याच पृष्ठभागावर जाऊन बसायच्या, तो रोग बराच आटोक्यात आलाय. पूर्ण गेला असं म्हणणार नाही.

भिंती चांगल्या होतात. रेघ किंवा स्केच काढा, वॉल दाबा, जाडी-उंची द्या, झालं. आपल्याकडे मोजमाप बाहेरून बाहेर घेतात, त्यामुळे रेघ बाहेरच्या अंगाला धरून अलाइन डावं किंवा उजवं करायचं, सेंटर ठेवायचं नाही. बाहेरच्या सगळ्या भिंती एकाच स्केचवर घ्या, म्हणजे कोपरे नीट मिळतात. चार भिंती चार वेगळ्या रेघांवर काढल्या तर कोपऱ्यात एकमेकींत घुसतात. दिसायला ठीक दिसतं, पण घनफळ काढलं की कोपरा दोनदा धरला जातो. मग क्वांटिटी जास्त निघते, आणि मालक विचारतो की विटा उरल्या कशा. उरलेल्या विटा कुठं जातात हे मालकाला माहीत असतं, म्हणून तो विचारतो.

आता मुद्द्याचं. वॉलच्या गुणधर्मांच्या यादीत खाली ‘मेक ब्लॉक्स’ नावाचं एक बटण आहे. यावर कुणी फारसं बोलत नाही. ते चालू करा, ब्लॉकची लांबी-उंची आणि सांधा द्या, एकाआड एक थर किती सरकवायचा ते द्या, की अख्खी भिंत ब्लॉकांची होते. आणि तिथंच दोन आकडे येतात: काउंट एन्टायर आणि काउंट ब्रोकन. अखंड किती, तुटके किती.

या दुसऱ्या आकड्याने मला वेड लावलं. खिडकी टाकली की तुटके वाढतात. खिडकी ब्लॉकच्या मापात सरकवली की कमी होतात. मी एका घराच्या खिडक्या केवळ या आकड्यासाठी चार इंच इकडे-तिकडे केल्या आणि मालकिणीला सांगितलं की हवा चांगली खेळेल. हवा खेळतेच म्हणा.

पण हिशोब समजून घ्या, नाहीतर फसाल. सिमेंटचे ठोकळे ३९० बाय १९० मिलिमीटरचे, सांधा १० चा, म्हणजे सांध्यासकट ४०० बाय २००. एका थरात १५ ब्लॉक बसवले तर भिंत होते ५.९९ मीटर. असे १५ थर लावले की उंची २.९९. आठ थरांत १५-१५ अखंड, मधल्या सात थरांत १४ अखंड आणि दोन्ही टोकांना अर्धे. बेरीज करा: २१८ अखंड, १४ तुटके. आता तुटके म्हणजे वाया का? नाही. एका ब्लॉकचे दोन अर्धे होतात, म्हणजे १४ तुटक्यांना सात ब्लॉक लागले. खरेदी २२५ ची. सॉफ्टवेअर हे सांगत नाही. त्याच्या लेखी अर्धा ब्लॉकही तुटका आणि अंगठ्याएवढी कपचीही तुटका. पूर्ण ब्लॉकच्या घनफळाशी जुळला तर अखंड, नाही तर तुटका, एवढंच ते बघतं. आमचा मिस्त्री स्क्रीनकडे बघून म्हणाला, "साहेब, तुमचं कॉम्प्युटर चांगला तुकडा फेकून देऊलालंय की."

आणखी एक. ब्लॉकची रुंदी म्हणून ते भिंतीची जाडीच धरतं. म्हणजे एका ब्लॉकच्या जाडीच्या भिंतीला उत्तम. एएसी म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक असोत, सिमेंटचे ठोकळे असोत, चालतं. पण ९ इंची विटांची भिंत, आडव्या-उभ्या विटांची बांधणी, किंवा परळीकडून येणाऱ्या राखेच्या विटांचं असलंच काम असेल तर या आकड्याला हात लावू नका. तिथं घनफळ घ्या आणि जुन्या पद्धतीने गुणा.

छपराकडे येतो. पहिले काही महिने माझं मत असं होतं की रूफ टूल कुणी तरी रागात लिहिलंय. बंद आकार निवडला, बटण दाबलं, तर काठाला ४५ अंशांची एक बारीक चौकट उभी राहिली, मधे भोक. ४५ अंश! आपल्याकडे पाऊस किती, उतार किती? इकडे घर म्हणजे सपाट स्लॅब, आणि त्याआधी माळवद. उतार येतो तो गोदामाला, पोल्ट्रीला, फार तर शेतातल्या हौशी बंगल्याला. म्हणून मी छपराऐवजी दोन तिरके पॅनल टाकायचो आणि भिंतीचा त्रिकोण हाताने कापायचो. तसं करा असं दोघा-तिघांना सांगितलंही.

ते मत आता बदललंय. औसा तालुक्यात एका शेतकऱ्याचं सोयाबीन साठवायचं गोदाम आलं: ठोकळ्यांच्या भिंती, वर दुपाखी पत्रा. मालकाने आधी उतार बदलला, मग उंची, मग भावाशी बोलून पुन्हा उतार. हाताने कापलेला त्रिकोण दर वेळी नव्याने कापायचा म्हटलं तर फी परवडत नाही. मग रूफ टूलची माहिती नीट वाचून काढली आणि हे हाती लागलं.

छपराचा बंद आकार घड्याळाच्या उलट दिशेने काढायचा. प्रत्येक बाजू म्हणजे एक पाखा. टूल पहिल्यांदा जे उभं करतं ते तसंच बेढब असतं, ते मनावर घ्यायचं नाही. डावीकडच्या झाडात, म्हणजे मॉडेलमधल्या वस्तूंच्या यादीत, त्याच्यावर दोनदा क्लिक केलं की प्रत्येक बाजूचा तक्ता उघडतो: अँगल, रन, जाडी, ओव्हरहँग (भिंतीबाहेर आलेला भाग). रन म्हणजे वळचणीपासून आढ्यापर्यंतचं आडवं अंतर, दुपाखी असेल तर रुंदीच्या निम्मं. ज्या दोन टोकांना त्रिकोणी भिंत हवी तिथं अँगल ९०. मिस्त्री उतार फुटाला दोन इंच असा सांगतो, टूलला अंश लागतात. फुटाला दोन म्हणजे ९.४६ अंश. लिहून ठेवा, भिंतीवर चिकटवा.

आणि मग खरी गंमत. छप्पर भिंतीतून वजा करता येतं. नुसती छपराची जाडी वजा होत नाही, छपराच्या वरचं सगळं जातं. म्हणजे भिंती सरळ उंच करून ठेवायच्या, रिमूव्ह दाबायचं, त्रिकोण आपोआप निघतो. मालकाने उतार बदलला की तक्त्यात एक आकडा बदलायचा, भिंत मागोमाग येते. तुटक्या ब्लॉकांचा आकडासुद्धा! मालक समोर बसून उतार सांगत होता आणि मी तुटके वाचून दाखवत होतो. माणूस हरखून गेला. चहा पुन्हा आला.

फक्त निवडायचा क्रम: आधी छप्पर, शेवटी भिंत. शेवटी निवडलेल्यातून आधीचं वजा होतं. उलट केलं तर छप्परच कापलं जातं. आणि भिंती वेगवेगळ्या असतील तर एकेक. आतल्या आडव्या भिंती धरून गोदामाला हे करत बसायचं म्हणजे छप्पर-भिंत, छप्पर-भिंत असा जप चालतो. एवढ्या वर्षांत सगळ्या भिंती एकदम निवडून ‘या छपराखाली कापा’ म्हणण्याची सोय कुणाला सुचली नसेल असं नाही, पण इथं ती नाही. याचा एक तारा कापतोय. फुकट असलं तरी कापतोय.

आता तिसरं मत, जे मिस्त्रीने बनवलं. पाखा ९.४६ अंशांचा असेल तर २०० मिलिमीटरचा एक थर चढायला आडवं १२०० जावं लागतं. तेवढ्यात तीन-चार ब्लॉक तिरके कापले जातात, दोन्ही बाजू मिळून थराला सहा ते आठ. त्यातल्या काही तर नुसत्या लांब कपच्या. स्क्रीनवर भिंत आणि छप्पर असं मिळतं की मधे कागद जाणार नाही. साइटवर असं कुणीही बांधत नाही. मिस्त्री थर पायऱ्या-पायऱ्यांनी मागे घेतो, ब्लॉक अखंडच लावतो, आणि वर तिरकी फळी बांधून काँक्रीटचा पट्टा ओततो. पायरीतला त्रिकोण काँक्रीट भरतं.

मी हिशोब घातला. एका पायरीचा त्रिकोण १.२ मीटर बाय ०.२ चा, म्हणजे ०.१२ चौरस मीटर. अर्धा मीटर उंच गेबलला, म्हणजे छपराखालच्या त्रिकोणी भिंतीला, दोन्ही बाजू मिळून साधारण पाच पायऱ्या. भिंत २०० जाडीची, म्हणून ०.१२ घनमीटर काँक्रीट जास्त. एम २० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरला आठ पोती धरली तर जेमतेम एक पोतं सिमेंट. एका पोत्यासाठी कटर भाड्याने आणून पंधरा-वीस ब्लॉक तिरके कापत बसायचे का? मिस्त्री जिंकला.

शिवाय तो पट्टा हौसेचा नाही. आयएस ४३२६ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात उतरत्या छपराच्या त्रिकोणी भिंतीला असाच पट्टा, म्हणजे गेबल बँड, सांगितलाय, दोन गजांचा असेल तर जाडी किमान ७५ मिलिमीटर, चार गजांचा असेल तर १५०. किल्लारी याच औसा तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे इथं ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला, जवळपास दहा हजार माणसं गेली, आणि तेव्हा हा भाग भूकंप नकाशावर सर्वांत सुरक्षित अशा झोन १ मध्ये होता. पुढे तो झोन ३ झाला. इकडच्या मालकाला बँड कशाला, असं दोनदा समजवावं लागत नाही. फार तर गजावरून घासाघीस होते.

म्हणून मी आता असं करतो: छपराची एक नक्कल ७५ मिलिमीटर खाली सरकवतो, भिंत त्या नकलेने कापतो, नक्कल लपवतो. पुसत नाही, पुसली की भिंत पुन्हा उंच होते. मधल्या जागेत बँड वेगळी वस्तू म्हणून टाकतो. पायऱ्या मात्र वेगळ्या ड्रॉइंगमध्ये दाखवतो आणि गेबलपुरता तुटक्यांचा आकडा मी मानत नाही. बाकी भिंतींना मानतो. आणि पत्र्याखाली पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो तो आडवा वासा, असते हेही विसरू नका. बँडच्या माथ्यापासून पत्र्यापर्यंत पर्लिनच्या उंचीएवढी फट राहते. ती मॉडेलमध्ये धरली नाही तर पुढे तिथं कबुतरं राहायला येतात आणि फोन मला येतो.

जुन्या माळवदाच्या घरांची मापं घेऊन बघितली. दगड-मातीची जाड भिंत, बाहेर-आत दगडाची दोन अंगं आणि मधे भर, हे मल्टी मटेरियलने, म्हणजे एकाच भिंतीला अनेक साहित्यांचे थर देण्याच्या सोयीने, छान दाखवता येतं. मधल्या थराची जाडी शून्य दिली की उरलेली जागा तो घेतो. पण भिंत खाली जाड, वर बारीक असेल तर वॉल टूल आपणहून ते करत नाही. वेगळा घन बनवून त्याची वॉल करावी लागते. होतं, पण वेळ खातं.

मंजुरीसाठी मी अजून टूडी वेगळ्या सॉफ्टवेअरमध्येच करतो. ड्रॉइंगच्या फाइलींपैकी फ्रीकॅडमध्ये डीएक्सएफ सरळ जातं, डीडब्ल्यूजीला वेगळा कन्व्हर्टर बसवावा लागतो. ज्यांचं सगळं काम डीडब्ल्यूजीवर चालतं त्यांनी सबस्क्रिप्शन लगेच बंद करू नये, आधी एखादं गोदाम यावर करून बघावं.

पाचपैकी चार तारे. पाचवा राखून ठेवलाय. तुटक्या ब्लॉकांची मापानुसार यादी काढून ‘हे दोन अर्धे एका ब्लॉकातून निघतील’ असं सांगणारा मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, कुणी लिहिला असेल तर मला द्या. यात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा चालते म्हणे. मला ती फारशी येत नाही आणि मिस्त्री हा हिशोब तोंडी करतो, पण तो हल्ली पुण्याच्या साइटवर जायच्या गोष्टी करूलालाय.