नावे वाचता न येणारी आकृती: ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’च्या पहिल्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण

हेन्री ग्रे यांचा शरीररचनाशास्त्रावरील ग्रंथ १८५८ साली लंडनमध्ये प्रथम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात ३६३ आकृत्या होत्या. त्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण मी अलीकडे मागवले. आजचा अभ्यास त्यावरून करावा, असे कोणी म्हणणार नाही. ते घ्यायचे हेन्री व्हँडाइक कार्टर यांच्या चित्रांसाठी, आणि नेमका तिथेच हिरमोड झाला.

शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसालियसच्या १५४३ सालच्या ग्रंथात स्नायू उघडे पडलेली माणसे निसर्गदृश्यासमोर डौलात उभी आहेत. त्याच विषयातल्या अल्बिनसच्या १७४७ सालच्या चित्रांत तर सांगाड्यामागे चक्क गेंडा दिसतो. पाहायला ही चित्रे अप्रतिम, पण व्हेसालियसच्या अवयवांवर केवळ बारीक अक्षरे असल्याने प्रत्येकाचे नाव सूचीत शोधत बसावे लागते. कार्टर यांनी असली सजावट वगळली आणि धमनीचे नाव धमनीच्याच वळणाने, स्नायूचे नाव स्नायूवरच लिहिले, त्यामुळे नजर आकृतीवरून हलवावी लागत नाही. छपाईसाठी चित्र लाकडी ठोकळ्यावर आरशातल्यासारखे उलटे काढावे लागे, हे ध्यानात घेतले की त्या अक्षरांमागची मेहनत कळते. मात्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राला वेगळी छपाई लागते, तर कोरलेला लाकडी ठोकळा छपाईच्या अक्षरखिळ्यांच्या जुळणीतच बसतो, म्हणून वर्णन आणि आकृती एकाच पानावर देता आली.

या पुनर्मुद्रणाचा आकार मूळ पानापेक्षा बराच लहान आहे. बारीक रेषा एकमेकींत मिसळून छायेच्या जागी काळे डाग उमटले आहेत, आणि मानेतील मज्जातंतूंची नावे भिंग घेऊनही लागत नाहीत. जी सोय हा ग्रंथ थोर ठरवते, तीच येथे नाहीशी झाली आहे. बांधणी आणि कागद यांबद्दल तक्रार नाही.

प्रस्तावना ग्रे यांच्यापुरतीच आहे. १८६१ साली देवीच्या रोगाने झालेला त्यांचा मृत्यू तीत सविस्तर येतो. परंतु कार्टर यांना एकरकमी मोबदल्यापलीकडे विक्रीतला वाटा मिळाला नाही, आणि पुढे त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाच विषय शिकवला, याचा उल्लेखही नाही. शरीरविच्छेदनाविषयीच्या १८३२ च्या कायद्यामुळे ज्या बेवारस गरिबांची प्रेते इंग्लंडमधील विच्छेदनगृहांत पोहोचत, त्यांच्याविषयी एखादे वाक्य तरी हवे होते.

पृष्ठाकार मूळ आवृत्तीइतका असल्याची खात्री करून घेतल्याशिवाय कोणतेही पुनर्मुद्रण मागवू नये. शक्य असल्यास आधी मानेची एखादी आकृती उघडून पाहावी.